माईला पोटातलं कसं दिसायचं

“ताई, मला माईपुढं नेऊ नका. तिला पोटातलं दिसतं.”

माझी धाकटी जाऊ अपेक्षा असं म्हणाली तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मी बी.एस्सी. झालेली, शहरातल्या एका संस्थेत बायकांना गर्भनिरोधनाची माहिती देणारी. “कुणाला काही दिसत नसतं गं,” म्हणाले आणि माझ्या लेकाला, शिवमला, कडेवर घेऊन सासूबाईंच्या मागं तिच्यासोबत निघाले.

आमचं गाव करमाडच्या थोडं पुढं. मंगळवारी गावाबाहेर माईच्या पत्र्याच्या शेडपुढं शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या मोटारसायकली, पैठणहून भरून आलेली जीप, नारळ, खण, लेकरांची रडारड. माई आधी लांबलचक ढेकर द्यायची. मग माइकवर टिचकी मारून पाहायची; दिव्यदृष्टीलाही आवाज नीट लागत होता. भामाबाई नावाची सेवेकरीण कुंकवाच्या पाण्याची परात पुढं सरकवायची आणि माई त्यात बघून बोलायची.

“तुझं मागच्या साली पडलं. नवऱ्याला बोलली नाहीस. व्हय का नाय?”

समोरची बाई रडत मान हलवायची, गर्दी हात जोडायची. सोनोग्राफीला मशीन लागतं, वीज लागते. माईला परात पुरायची.

सासूबाईंनी अपेक्षाला पुढं ढकललं. “दोन पोरी झाल्या माई. पोरगा कवा?”

“पोरगा दारात हुबा हाय,” माई म्हणाली. “पर कुशीत तांबं हाय. घरात न सांगता बसवलंय. व्हय का नाय?”

अपेक्षानं मान खाली घातली. कारण ते खरं होतं. अपेक्षाची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची, अंगात रक्त कमी. इतक्यात पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिनं गावच्या दवाखान्यात तांबी बसवून घेतली होती. सोबत फक्त मी होते.

परत येताना रिक्षात ती हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही कुणाशी बोललात का?”

“शिवमची शपथ, नाही.”

“मग माईला खरंच दिसतं.” पण तिनं माझ्या हातातला हात काढून घेतला होता.

दीर गोकुळ तिला तांबी काढायला घेऊन निघाला, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. तो म्हणाला, “वैनी, तुमचं लेक्चर शहरात. तुम्हाला पोरगा हाय, तुम्हाला काय.” दवाखान्यातही सही त्याची, बोलणं त्याचंच. तुला काढायची आहे का, असं अपेक्षाला कुणी विचारलं नाही.

धाकटी पोर रांगायला लागायच्या आत अपेक्षाला पुन्हा दिवस गेले. आठव्या महिन्यात जुने टाके आतून फाटले. गाडी शहराच्या रस्त्याला लागली आणि ती गेली. बाळही गेलं. मुलगा होता. त्या मंगळवारी माईनं माइकवर सांगितलं, “म्या पोरगा सांगितला हुता. व्हय का नाय?”

गर्दी म्हणाली, व्हय.

पुढच्या हिवाळ्यात संस्थेनं आम्हाला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, बाईचे हक्क जपणारी प्रजनन आरोग्य सेवा कशी उभी करायची. मला वाटलं, तक्ते असतील आणि जेवणाची कूपनं. पण शिकवणाऱ्या डॉ. दमयंती मॅडमनी आम्हाला वर्गातून उठवलं आणि सरावासाठी आमच्याच गावच्या दवाखान्यात आणलं.

“आधी बाहेरच्या बाकावर बसा,” त्या म्हणाल्या. “आत राजनंदिनी पेशंटचं सोंग घेईल. सिस्टर रोजच्यासारखं विचारतील. तुम्ही नुसतं ऐका.”

राजनंदिनी आमच्या तुकडीतली सगळ्यांत लहान, कॉलेजात नाटकं केलेली. तपासणीच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. सिस्टर वाईट नव्हत्या. पंख्याच्या खडखडाटावर बोलायची त्यांना सवय लागली होती.

“गर्भपात किती झाले? दोन? अन् तांबी बसवलीय ते सासूला माहीत हाय का?”

“नाही हो, घरात कुणालाच नाही.”

शब्द न् शब्द बाकावर येत होता. माझ्या शेजारी एक बाई मांडीवर कापूस घेऊन वाती वळत होती. भामाबाई.

“मावशी, काय दुखतंय?” मी विचारलं.

“गुडघे गं बाई.”

“औषध दिलं का?”

“हितं बसलं की बरं वाटतं.”

अपेक्षाही याच पडद्याआड बोलली होती. मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी पडदा सारून बाकाकडं एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, “मंगळवारी जाऊ.”

मंगळवारी राजनंदिनी खोटं मंगळसूत्र घालून परातीपुढं बसली. ढेकर झाला. “तुझं दोनदा पडलं,” माई म्हणाली. “कुशीत तांबं हाय. सासूपासून लपवलंस. व्हय का नाय?”

“नाय,” राजनंदिनी माइकजवळ वाकून म्हणाली. “माझं लग्नच झालं नाही. हे मी दवाखान्यात नाटकात बोलले होते. बाकावर तुमच्या भामाबाई होत्या.”

“देवीची परीक्षा घेतीस, भवाने?”

तेवढ्यात मागून एक बाई उठली. “माई, मी सिल्लोडची. इथल्या दवाखान्यात कधी गेले नाही. माझं बघा की.”

माईला ढेकर येईना. भामाबाईनं परात खाली ठेवली. बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. प्रत्येकीला आपण पडद्याआड काय बोललो होतो ते आठवत होतं.

सासूबाई शेवटच्या रांगेत होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, “म्हंजे तू नव्हतं सांगितलं.”

“नाही,” मी म्हणाले. जिला हे कळायला हवं होतं ती नव्हती.

आता दवाखान्याच्या त्या खोलीला दार आहे. बाक लांब पिंपळाखाली गेलाय. सिस्टर बाईला एकटीलाच आत घेतात, हळू बोलतात, तिचं म्हणणं तिलाच विचारतात. माईनं दुसऱ्या गावात शेड टाकली, असं ऐकते. अपेक्षाची धाकटी माझ्याजवळ झोपते. तिचा श्वास चालू आहे ना, हे मी सारखं हात लावून बघते.

कुणी न सांगता एखाद्याला सगळं कळतं असं लोक म्हणू लागले, तर खोटं आहे म्हणून नुसतं सोडून देऊ नका. ती गोष्ट आधी कुठं बोलली गेली आणि तिथं कोण बसलं होतं, ते शोधा. चमत्कार तिथंच सापडतो. आणि तुमच्या घरात, शेजारात एखादी दवाखान्यातून आल्यापासून गप्प झाली असेल, कुणाच्या नजरेला नजर देत नसेल, तर आज तिच्याकडं जाऊन या. सोबत कुणाला नेऊ नका. तिला काय हवंय ते विचारा, आणि ती बोलेपर्यंत थांबा.