शेवटची ओवी

"कुणाचा पाठ राहिला, तर तो तू पुरा करायचास, कालिंदी. आणि तिला विचारायचं नाही." जाण्यापूर्वी सासूबाईंनी माझ्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं.

कोलकात्यातल्या आम्हा मराठी बायकांचं सामूहिक पारायण त्यांनीच सुरू केलेलं. जिनं तिनं आपल्या घरी रोज एक अध्याय वाचायचा, सगळ्यांची मिळून पोथी पुरी. एकीचा राहिला की सगळ्यांचं अपुरं. आता पोथी फोनवर आली आहे. माझ्या लेकीनं, नूपुरनं, ते पान बनवलं. अध्याय संपला की वाचणारीच्या नावापुढे हिरवी खूण उमटते.

बराकपूरच्या शकुनताईंची खूण काही उमटत नव्हती. भाजीचा भाव सांगायला फोन केला तरी त्या म्हणायच्या, "माझा वाचून झाला हो आजचा." न विचारता सांगणाऱ्याचा मला जास्तच संशय येतो. मी गुपचूप त्यांचा अध्याय वाचायची, पण मनात अढी धरून.

नूपुर एस्प्लनेडच्या ऑफिसातून आली, तेव्हा चहा देताना म्हटलं, "तुझं पान चुकत तर नाही ना?"

"चुकेल कसं? पान बोटानं सरकवलं की दर वेळी कोडला हाक जाते. किती सरकलं, खाली किती उरलं, तो मोजतो. काही उरलं नाही की टिक." तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "शकुनकाकू रोज इथेच थांबते बघ. शेवटाच्या जरा वर."

"थांबतात म्हण."

"थांबतात. एक लास्ट ओवी राहते, बस."

"एका ओवीचा कंटाळा?"

"आई, तू तर काकूंच्या मागे सीआयडी लावलीस."

मला वाटलं, अंगठ्यानं पान ढकलायचं आणि म्हणायचं वाचलं. त्यांचा अध्याय काढून आमच्या पारायणातल्या आभाला द्यावा का? विचारायचं नव्हतं, पण बघायला कुणाची मनाई नव्हती. एकादशीला राजगिऱ्याचे लाडू घेऊन मी सियालदाहून बराकपूरची गाडी धरली.

शकुनताई देवापुढे खुर्चीत बसून वाचत होत्या. मोठ्यानं, अक्षरन् अक्षर. मी बोटावर नजर ठेवून. शेवट आला तसा त्यांनी फोन पाटावर ठेवला, खुर्चीचा हात धरून हळूहळू उठल्या, हात जोडले आणि शेवटची ओवी डोळे मिटून म्हटली.

"ही फोनवर नाही वाचत?"

"फोन हातात धरून नमस्कार कसा करायचा ग? शेवटची उभ्यानं, हात जोडूनच. तुझ्या सासूबाईंची शिकवण."

मी लाडवांचा डबा उघडत बसले.

त्या गुडघा चोळत परत खुर्चीत टेकल्या. "एखाद्या दिवशी उठवतच नाही. मग तेवढी राहते. पूर्वी तुझ्या सासूबाईंना फोन करायची, त्या माझ्या नावानं म्हणायच्या."

"आणि आता?"

"आता राहते."

घरी आले तर नूपुर म्हणाली, "आई, फिक्स करू? काकूंची टिक थोडी आधीच पडेल."

"नको. त्यांच्याकडून राहो न राहो, ती ओवी आता रोज माझ्याकडे आहे."

तिला काही कळलं नाही. मी दिवा लावला, फोन पाटावर ठेवला आणि शकुनताईंचं नाव घेऊन उभी राहिले.