दोष कार्डाचा

आमच्या ह्यांना खोट काढायची असली ना, तर देवाच्या मूर्तीतही काढतील. पण त्या दिवशी महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात त्यांनी कहरच केला.

कॉम्प्युटर जुना. रोहितने, आमच्या मुलाने, इंजिनीअरिंगला असताना स्वतः जुळवलेला. तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि कॉम्प्युटर इथे जेल रोडच्या घरी राहिला, सोबत एक प्लॅस्टिकचं स्टेअरिंग. उभा जन्म एसटी चालवून रिटायर झालेला माणूस दर रविवारी दुपारी त्या स्टेअरिंगला बसतो. ट्रक चालवायचा खेळ आहे. रोहित तिकडून त्याचा ट्रक आणतो, हे इकडून, आणि दोघं परदेशातल्या रस्त्यांवर माल पोचवत हिंडतात. एरवी फोनवर बापलेकांचं बोलणं 'जेवलास का'च्या पुढे सरकत नाही. खेळात मात्र कांद्याच्या भावापासून त्याच्या साहेबाच्या तऱ्हांपर्यंत सगळं निघतं. मध्येच ह्यांचं शिकवणंही चालू असतं. "घाटात पुढची गाडी रखडली तर हॉर्न मारायचा नाही रे. चारी इंडिकेटर लावायचे आणि तिच्या मागे राहायचं, म्हणजे मागून येणारा तिला ठोकत नाही." मी शेजारी भाजी निवडत बसते आणि ऐकते. आठवड्यात मलाही तेवढाच मुलगा मिळतो.

आणि नेमकं तेच बंद पडलं. पडद्यावर रेघा आल्या, मग सगळं काळं. रोहित म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड गेलं, नाना. पडद्यावर चित्र आणतं ना, तेच. सरफराजभाईंच्या दुकानातून नवं घ्या." हे आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. दोन रविवार कोरडे गेल्यावर मीच कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घातला, ह्यांना पुढे घातलं आणि निघाले.

सरफराजभाई शांत माणूस. त्यांनी डबा उघडून आत फुंकर मारली, ती सगळी धूळ माझ्या तोंडावर. मग एक कार्ड दाखवलं. "हे दमदार आहे, पण तुमचा पॉवर सप्लाय याला पुरणार नाही. तोही बदलावा लागेल."

"मग नको," हे म्हणाले. ठीक आहे, बरोबरच होतं.

दुसरं दोन पंख्यांचं. ते आत लांबीला अडत होतं. तेही नको. मलाही पटलं.

तिसरं आटोपशीर, एका पंख्याचं. "याला वेगळी वायर लागत नाही, बोर्डावरूनच वीज घेतं," सरफराजभाई म्हणाले. "तुमचा खेळ आरामात चालेल, काका. मॉनिटर जुना आहे, त्याला जोडायला एक कन्व्हर्टर देतो."

"एका पंख्यावर तापेल."

"नाही तापत."

"बिघडलं तर?"

"वॉरंटी आहे ना, काका."

ह्यांनी खोका उलटसुलट केला. "कोपरा दबलाय याचा."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, खोक्यात बसून ट्रक चालवायचाय का तुम्हाला?"

सरफराजभाई हसू दाबत मागे वळले. हे मात्र हसले नाहीत. "उद्या बघू," म्हणाले आणि सरळ बाहेर पडले.

मी तणतणत मागे गेले. हे शेजारच्या रसवंतीत जाऊन बसले होते. रसाचा ग्लास दोन्ही हातांनी धरलेला, तरी रस हिंदकळून बोटांवर सांडत होता. घरी चहाही बशीत सांडायचा. मी ते वयाच्या नावावर टाकून दिलं होतं.

"रोहित सारखा म्हणतो, नाना, गाडी अशी वेडीवाकडी का चालवता," हे खाली बघत म्हणाले. "मी सांगतो, कार्ड जुनं झालंय, चित्र अडकतं. नवं बसवल्यावर कोणाला दोष देऊ?"

माझा सगळा राग तिथल्या तिथे विरला. या हातांनी कितीदा कसारा घाट उतरवला असेल, आणि कोणाला ओरखडाही येऊ दिला नव्हता.

"त्याला कळलं की म्हणेल, नाना, आता आराम करा," हे म्हणाले. "मग कुठला रविवार न् कुठलं काय."

"आणि कार्डच नाही घेतलं तर रविवार राहणार आहे का?" मी विचारलं.

हे उरलेला रस प्यायले. मग उठले, दुकानात गेले आणि म्हणाले, "द्या ते. दबलेल्या खोक्यातलं."

रविवारी चित्र असं लख्ख आलं की रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा वाचता येत होत्या. हेडफोन मी पहिल्यापासूनच काढून ठेवायला लावला होता; रोहितचा आवाज सगळ्या घराला ऐकू येत होता. डोंगराचा उतार लागला आणि ह्यांचा ट्रक लटपटत जाऊन कठड्याला घासला.

"नाना?" रोहित म्हणाला. "कार्ड नीट बसलंय ना?"

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली.

"कार्डाला काही झालं नाही," हे म्हणाले. "हात थरथरतात माझे. बरेच दिवस झाले. तुला सांगितलं नव्हतं."

ह्यांनी स्टेअरिंग सोडून हात मांडीवर घेतले.

"डॉक्टरला दाखवलं?" रोहितने विचारलं.

"मंगळवारी नेतेय मी," मी इकडून ओरडले.

"बरं." तो म्हणाला. "नाना, गाडी घ्या रस्त्यावर. मी कडेला थांबलोय, तुम्ही पुढे व्हा."

"अरे, पण मी हळू—"

"हळूच चला."

ह्यांनी परत हात स्टेअरिंगवर ठेवले. ट्रक रखडत निघाला. कोणाकोणाच्या गाड्या भोंगे मारत शेजारून जात होत्या. पडद्यावरच्या छोट्या आरशात मागे रोहितचा ट्रक आला आणि त्याचे चारी इंडिकेटर लुकलुकायला लागले.

हे त्या आरशाकडे बघतच राहिले. "हॉर्न मारू नको हां," म्हणाले.

"नाही मारत, नाना."

मी मेथीत तोंड खुपसून रडून घेतलं. घाट उतरेपर्यंत तो मागेच होता.