माशांची भाकरी

धोंडाबाई शेवटची भाकरी रोज चिमुकली थापायची, आणि ती घरात कुणी खायचं नाही. ती तळ्यातल्या माशांची. मासे सुदर्शननं सोडलेले. खोडदच्या शिवारातल्या तळ्यात पोरानं हौसेनं रोहू-कटल्याचं बी सोडलं, आणि त्याच साली हमरस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. तेव्हापासून आईला पोर भेटायचं ते तळ्याच्या पायरीवरच. तिचा नवरा भगवंत तोंडानं "खुळी बाई" म्हणायचा. पण ती निघायच्या आधी चपला त्याच्याच पायात असायच्या.

यंदा तळं हिरवंगार झालं, वाटाण्याच्या आमटीसारखं दाट. गावातली वृषाली कॉलेजात पाण्याचंच शास्त्र शिकलेली. तिनं ग्रामसभेत सरळ सांगितलं, "आपण कांद्याला, द्राक्षाला खत ओततो, ते वाहून तळ्यात येतंय. शेवाळ त्यावरच माजलंय. काठाला गवत राखा, कोंबडखताचे ढीग हलवा. पण धीर धरा, पाणी लगेच निवळायचं नाही."

कुरकुर सगळ्यांनी केली. भगवंतनं मात्र दुसऱ्याच दिवशी काठाचा उभा कांदा उपटून तिथं गवत राखलं. बायकोसाठी, दुसरं काय!

पण पहाटे मासे पाण्यावर तोंडं काढून आ वासायला लागले. धोंडाबाई पायरीवर बसून रडू लागली. "आवं, दम लागलाय त्यांला. कायतरी करा की."

धीर कशाशी खातात हे भगवंतला कधी कळलंच नव्हतं. वृषालीला विचारावं, तर तेही नाही. द्राक्षबागेचा धनी, फवारणीचं मोरचूद घरात पडलेलं. बागेच्या टाकीत शेवाळ धरलं की तो मोरचुदाची पुरचुंडी बुडवायचा आणि टाकी लख्ख व्हायची. टाकीत मासे नसतात, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नाही. भर दुपारी त्यानं मोरचूद गोणपाटात बांधलं आणि दोरीनं पाण्यातून ओढत तळ्याला वळसे घातले.

घरी येऊन म्हणाला, "बघ आता. तळ दिसतोय का न्हाई!"

तळ दिसला. पण त्याआधी मासे वर आले, पांढरी पोटं करून, त्यानं राखलेल्या गवतापर्यंत. "काका, काय टाकलंत?" वृषालीनं विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाली, "मोरचूद माशांना विष असतं, काका."

धोंडाबाई मागंच उभी होती, भाकरी हातात घेऊन. भगवंतला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी.

"शिव्या तरी घाल," तो म्हणाला.

"तुमाला काय शिव्या घालू? पोरासाठीच केलंत, ठाव हाय मला." तिनं भाकरी पदरात गुंडाळली. "पर एकदा रडून झालं व्हतं वो माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंत सवयीनं चपला घालून ओट्यावर बसला. आतला भाकऱ्या थापण्याचा आवाज थांबला. त्यानं डोकावून पाहिलं. परातीत शेवटचा एवढासा गोळा तसाच होता, आणि धोंडाबाई चूल विझवत होती.

भगवंतनं चपला काढून ठेवल्या.