कुणाच्या मुलासाठी

फाइनानं हनुवटीखालची गाठ सोडली, रुमाल कपाळावर ओढून घेतला आणि गाठ पुन्हा मारली. रुमाल फुलाफुलांचा होता, प्रशिक्षण केंद्राच्या कपाटातला, आणि त्याला आधीच्या कुणा बाईच्या पावडरीचा वास येत होता. रशियात, सारातोवला, तिच्या आजीनंही असला रुमाल कधी बांधला नव्हता. पण रशियन बोलणारी म्हातारी म्हटली की डोक्यावर फुलं हवीतच, अशी ओल्सेनची समजूत होती.

"आता कशा, अस्सल खेड्यातल्या दिसता," ओल्सेन दारातून म्हणाला.

"मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलंय, ब्रदर ओल्सेन. शहरात."

"मग आज बेरीज चुकवा. तुम्ही बोलायचं नाही, एवढंच लक्षात ठेवा."

ओल्सेन तिच्याच चर्चमधला, तिथं सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणत. एरवी तो ट्रॅक्टर विकायचा. महिन्यातून एकदा, शनिवार-रविवारी, गणवेश चढवून तो या बैठ्या विटांच्या इमारतीत मुख्य परीक्षक व्हायचा. अमेरिकेतल्या युटाच्या त्या डोंगरपायथ्याला राखीव सैनिकांची अशी शाळाच होती. नळ दुरुस्त करणारे, दातांचे डॉक्टर, शाळामास्तर असे सगळे आठवडाभराचं काम बाजूला ठेवून इथं यायचे आणि शत्रूचं बोलणं ऐकायला, कैद्याला प्रश्न विचारायला शिकायचे. कैदी भाड्याचे असत, नुसतं सोंग करणारे. फाइना त्यांतलीच एक.

आजची गोष्ट ओल्सेननं तिला दोनदा समजावून सांगितली होती. ती एका डोंगराळ गावातली बाई. नवऱ्याला बंदूकवाल्यांनी उचलून नेलंय. सतरा वर्षांचा मुलगा, कोस्त्या, कुठंतरी लपलाय, आणि बंदुका कुठं पुरल्यात ते त्याला माहीत आहे. दोन्ही जागा तिलाही ठाऊक आहेत. विचारणाऱ्यानं आल्या आल्या बंदुकांचा विषय काढला तर तिनं गप्प राहायचं. त्याला आधी मुलाची काळजी वाटली, तरच तोंड उघडायचं.

"आणि फारच जड झालं, तर हात डोक्यावर ठेवा," ओल्सेन म्हणाला. "म्हणजे खेळ थांबला. मग तुम्ही तुम्ही, आणि आम्ही आम्ही."

"कोण येणार आहे?"

"ऑलरेड. ड्वेन ऑलरेड. याआधी दोनदा नापास झालाय. आज पास झाला तर तुकडीबरोबर परदेशी, लढाईवर जाईल. नाही तर वर्षभर इथंच बसून कागद लावेल."

फाइनानं मान हलवली. हे तिला माहीत होतं, आणि ओल्सेनला वाटत होतं त्याहून जास्त माहीत होतं. गेल्या रविवारी चर्चच्या स्वयंपाकघरात ड्वेनची बायको केन्झी तिच्या शेजारी उभी राहून बटाटे सोलत होती. तिला सातवा महिना लागलेला. पोट ओट्याला टेकत होतं म्हणून ती तिरकी उभी होती.

"सिस्टर फाइना, शनिवारी कैदी तुम्हीच ना?"

"मला कुणी अजून सांगितलं नाही."

"तुम्हीच असणार. तुमच्याइतकी हट्टी बाई त्यांच्याकडे दुसरी नाही." ती हसली, मग सुरी थांबवून म्हणाली, "तुम्ही नेहमीसारख्याच हट्टी राहिलात, तर तो इथं राहील. मी काही मागत नाहीये हं. नुसतं सांगतेय."

फाइनानं तिच्या हातातली सुरी काढून घेतली. उरलेले बटाटे तिनंच सगळे सोलले आणि केन्झीला खुर्चीवर बसवलं.

आता ती चौकशीच्या खोलीत बसली होती. टेबल, दोन खुर्च्या, एका भिंतीला काळी काच. काचेमागं ओल्सेन, हे तिला माहीत होतं, तरी काचेत तिला एक रुमालवाली बाईच दिसत होती. गप्प राहणं काही अवघड नव्हतं. नियमच तो होता. पोरगा चुकणार, ती गप्प बसणार, आणि कुणी कुणाचं वाईट केलं असं होणार नव्हतं. रविवारपासून ती हेच स्वतःला सांगत आली होती, आणि प्रत्येक वेळी हिशेब जमत होता, आणि तरी काहीतरी शिल्लक उरत होतं.

ड्वेन आत आला. उंच, कानांच्या पाळ्या लाल. गणवेशाची बाही मनगटापर्यंत पुरत नव्हती. तो बसला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि रशियनमध्ये म्हणाला, "नमस्कार, सिस्टर."

काचेमागून कुणीतरी खाकरलं. कैद्याला चर्चमधल्यासारखं सिस्टर म्हणायचं नसतं.

फाइना गप्प राहिली. त्याचं रशियन तिच्या ओळखीचं होतं. एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षं धर्मप्रसाराला जाऊन चर्चची ही पोरं ते शिकून येत. पश्चात्ताप, आशीर्वाद, अनंतकाळ हे शब्द त्यांना यायचे. दारूगोळा, पूल, खंदक यायचे नाहीत.

"मी आपल्याकडे…" तो अडखळला. "आपली साक्ष ऐकायला आलो आहे."

माहिती म्हणायचं होतं त्याला; साक्ष हा चर्चमधल्या श्रद्धेच्या कबुलीचा शब्द. फाइनानं हसू आवरलं. खिडकीशी बसून पोरांच्या वह्या तपासताना वाटायचं, तसं तिला वाटलं. लाल पेन्सिल हातात घ्यावी.

 मग काय झालं ते ड्वेनलाही कळलं नसावं. त्यानं टेबलावरचे हात उचलले, छातीशी बांधले, मान खाली घातली आणि डोळे मिटले.

"स्वर्गातल्या पित्या," तो रशियनमध्येच म्हणाला.

फाइना हलली नाही. सारातोवच्या तिच्या छोट्या स्वयंपाकघरात अशीच दोन पोरं येऊन बसली होती, पांढऱ्या सदऱ्यातली, बर्फानं भिजलेली. त्यांच्या धर्माला चहा चालत नव्हता, म्हणून तिनं गरम पाण्यात जर्दाळूचा मुरांबा घालून दिला होता. त्यांनीही बोलण्याआधी असेच हात बांधले होते. त्यांतल्या एकाचं व्याकरण इतकं वाईट होतं, की तिनं देवाच्या आधी त्याच्या विभक्त्या दुरुस्त केल्या होत्या.

आता ती कुठं बसली होती, हे तिला क्षणभर नीट सांगता आलं नसतं. हा पोरगा चुकला होता की ही काही नवी युक्ती होती? कैद्यापुढं मान खाली घालणारा शिपाई तिनं कधी पाहिला नव्हता. ती हात डोक्याकडं नेणार होती. बोटं रुमालापर्यंत गेली, आणि तिनं नुसतीच कड सारखी केली.

"या घराकडे बघ," ड्वेन म्हणत होता. "या सिस्टरला बळ दे. आणि मुलाला… मुलाला त्याचा बाप मिळू दे. एवढंच. आमेन."

"आमेन," फाइना म्हणाली. ते कुणी म्हटलं, रुमालवालीनं की तिनं, तिला कळलं नाही.

तिला मूलबाळ नव्हतं. पण आता कोस्त्या तिला दिसत होता: बारीक मिशी फुटलेला, बुटांच्या नाड्या न बांधणारा, उपाशी. त्याचा विचार कुणीच केला नव्हता, तिनंही नाही. एवढ्या वेळात ती फक्त गप्प बसायचा विचार करत होती.

"जुन्या गिरणीत आहे तो," ती म्हणाली. "बंदुका जात्याच्या फरशीखाली. पोराला मारू नका."

ड्वेन तिच्याकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

दार उघडून ओल्सेन आत आला, टाळ्या वाजवत.

"अरे ऑलरेडा! प्रार्थनेनं कैदी फोडलेला मी आजवर बघितला नव्हता. आता सगळ्या सैन्याला गुडघ्यावर बसवावं म्हणतो मी! साक्ष काय, सिस्टर काय, नियम सगळे बसवलेस धाब्यावर. पण पोराचं आधी विचारलंस, तेही न विचारता. पास."

"मी काही विचारलंच नव्हतं, सर," ड्वेन म्हणाला.

"तेच तर!" ओल्सेन म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून पुढच्याला बोलवायला गेला.

बाहेर ऊन होतं. डोंगरावर अजून बर्फ होतं. ड्वेननं फाइनाची पिशवी घेतली आणि दोघं गाड्यांच्या दिशेनं चालू लागली. केन्झी लांब गाडीत बसली होती. तिनं हात हलवला.

"सिस्टर फाइना," तो म्हणाला, "रागावू नका. तुम्ही का सांगितलंत?"

"तू माझ्या पोरासाठी मागणं मागितलंस म्हणून."

"तुमच्या?"

"कोस्त्यासाठी. मुलाला त्याचा बाप मिळू दे, म्हणालास ना?"

तो थांबला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मुद्दाम नापास व्हायला मला जमलं नसतं," तो खाली बघत म्हणाला. "आणि जायचंही नव्हतं. म्हणून म्हटलं, वरच सोपवावं. हात आपोआप बांधले गेले." मग त्यानं वर्गात मागच्या बाकावरून विचारावं तसं विचारलं, "‘माझ्या मुलाला’ असं म्हणायला हवं होतं का? मला तर शिकवलं होतं, रशियनमध्ये ‘माझ्या’ म्हणत नाहीत. नुसतं मुलाला म्हणतात."

"बरोबर शिकवलंय," फाइना म्हणाली. "म्हणत नाहीत."

केन्झी गाडीतून उतरली होती. एक हात कमरेवर, एक दारावर. तिनं आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग फाइनाकडे.

"सिस्टर? बोललात तुम्ही?"

फाइनानं तोंड उघडलं. इंग्रजीतला एकही शब्द जवळ नव्हता. जे आलं ते रशियनमध्ये आलं, कोस्त्याचं, गिरणीचं, माफीचं, लांबलचक, थांबत थांबत, आणि बोलताना ती केन्झीचा हात धरून उभी होती.

केन्झीला त्यातलं काहीच कळलं नाही. ती ड्वेनकडे वळली.

"काय म्हणतायत या?"

ड्वेननं पिशवी मागच्या बाकावर ठेवली. मग ती उचलून पुन्हा नीट ठेवली.