दोन घरांची रेघ

फर्निचर शिकवणाऱ्या त्या कॉलेजात तिला सगळे ‘सुतारीण’ म्हणत आणि ती ते नाव मिरवायची. वडील सुतार, आजोबा सुतार. भुशात रांगत मोठी झालेली पोर. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या खुर्चीसाठी सरांनी तिची जोडी परदेशातून शिकायला आलेल्या मुलीशी लावली, तेव्हा तिने नाकच मुरडलं. ही ‘पाहुणी’ करवत पुढे ढकलायची सोडून चक्क स्वतःकडे ओढायची!

“अगं, लाकूड कापतेयस की विहिरीचं पाणी शेंदतेयस?”

पाहुणी नुसती हसली आणि कापलेला तुकडा तिने सुतारणीच्या तळहातावर ठेवला. कड इतकी गुळगुळीत, की रंधा फिरवायची गरजच नव्हती. सुतारणीने त्या कडेवरून दोनदा बोट फिरवून पाहिलं. त्या दिवसापासून दोघींचं असं काही जमलं, की डबा एकीचा आणि ताव दुसरीचा. पाहुणी तिच्याकडून भाषा शिकली, शिव्याही शिकली. शिव्या जरा लवकर शिकली.

खुर्चीचं काम त्यांनी वाटून घेतलं. पायांना आरपार खाचा पाडायच्या सुतारणीने, आणि आडव्या दांड्यांची टोकं त्या खाचांत बसतील अशी कापायची पाहुणीने. परीक्षेच्या आदल्या दिवशी जोडून पाहिलं, तर खुर्ची पडायला आलेल्या दातासारखी हलत होती.

सुतारणीचा पारा चढला. “तुझाच हात हलला असणार! माझं माप चुकायचं नाही.”

पाहुणीने वाद घातला नाही. एका फळकुटावर तिने पेन्सिलीची रेघ मारली, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “तुझ्या घरी ही रेघ कोण कापून टाकतं आणि कोण ठेवतं?”

“खाच पाडणारा. टोक कापणाऱ्याने रेघ ठेवायची. बाबांनी हेच शिकवलंय.”

“माझ्या घरी टोकवाला कापतो. खाचवाला ठेवतो.”

म्हणजे रेघ दोघींनीही खाल्ली होती: खाच रेघेएवढी मोठी झाली आणि टोक रेघेएवढं बारीक. आपापल्या घरी दोघी बरोबर आणि एका खुर्चीत दोघी मिळून चूक. वर्षभर जगातल्या सगळ्या गप्पा मारून झाल्या होत्या, पण एवढं विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

नवं लाकूड आता मिळणार नव्हतं. सरांची परीक्षा तशी साधी होती: आपला भरभक्कम देह ते खुर्चीत धपकन टाकत, आणि खुर्ची कुरकुरली की नापास. पाहुणी नापास झाली तर तिची शिष्यवृत्ती बंद, आणि थेट परतीचं विमान.

तरी तीच म्हणाली, “सरांना सांग, चूक माझी. तू सुताराची मुलगी. उद्या परीक्षा बघायला तुझे बाबा येणार. तुझं नाव राहू दे.”

सुतारणीला क्षणभर मोह झालाच. मग स्वतःचीच लाज वाटली. “गप बस. नाव राखायला मैत्रीण विकू का?”

उपाय तिला ठाऊक होता, पण तो ओठांवर यायला तयार नव्हता. टोकाला चीर द्यायची आणि तिच्यात पाचर ठोकायची. टोक फुगतं आणि खाचेत गच्च बसतं. पण बाबांच्या लेखी पाचर म्हणजे चुकीवर घातलेलं पांघरूण. मारलीच, तर रंग लावून लपवायची. तिने मान खाली घालून हे सांगितलं, तर पाहुणीचे डोळे चमकले.

“आमच्याकडे मुद्दाम मारतात. काळ्या लाकडाची. सगळ्यांना दिसायला पाहिजे!”

मग एकीने चिरा दिल्या, दुसरीने काळ्या लाकडाच्या पाचरी तासल्या, आणि हातोडी आळीपाळीने दोघींनी हाणली.

दुसऱ्या दिवशी सर बसले. धप्प! सुतारणीने श्वास रोखून धरला आणि पाहुणीने सुतारणीचा दंड. खुर्चीने हूं की चूं केलं नाही. सरांनी डुलून पाहिलं, मागे रेलून पाहिलं. मग त्यांचं बोट खुर्चीच्या पायावरच्या काळ्या पट्टीवर थांबलं.

“ही पाचर शोभेसाठी, की गरज म्हणून?”

भिंतीपाशी बाबा उभे होते. शोभेसाठी म्हटलं असतं तर सहज खपून गेलं असतं.

“गरज म्हणून, सर,” सुतारीण म्हणाली. “आमच्या दोन घरच्या रीती वेगळ्या. आम्ही एकमेकींना विचारलंच नाही, म्हणून सांधे सैल झाले. पाचरीची युक्ती माझ्या घरची, ती उघड दाखवायचं धाडस हिच्या घरचं.”

“पास. दोघीही,” सर म्हणाले, पण उठले नाहीत. “आता जरा बसू द्या. सकाळपासून न कुरकुरणारी ही पहिलीच मिळालीय.”

सर उठल्यावर बाबा पुढे आले. वाकून त्यांनी एकेका काळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. आता आपली सालटं निघणार, असं सुतारणीला वाटलं. पण बाबा वळले ते पाहुणीकडे.

“करवत ओढणारी ती तूच का?”

“हो, बाबा.”

“मग मलाही एकदा दाखव बरं. इतकी वर्षं ढकलतोच आहे.”

तेवढ्यात खुर्ची न्याहाळणाऱ्या एका पालकांनी विचारलं, “यातली तुमची मुलगी कोणती हो?”

बाबांची छाती फुगली. “ही खुर्ची जिने केली, ती.”

“पण खुर्ची तर दोघींनी केलीय ना?”

“तेच सांगतोय,” बाबा म्हणाले.