सातव्या वळणावरचा पिवळा झेंडा

एके काळी आमच्या स्वयंपाकघरातल्या एकाही झाकणाची कड धड राहिली नव्हती, आणि ती करणी माझ्या दादाची होती.

दादा मोटारींच्या शर्यतीत मार्शल होता. सातव्या वळणाची चौकी त्याची. तिथे दोघं पाठीला पाठ लावून उभे राहत. एकाचं तोंड येणाऱ्या गाड्यांकडे, हातात झेंडे. दुसरा तोंडात शिट्टी धरून वळणापलीकडे बघायचा. तिकडे काही घडलं की शिट्टी, आणि शिट्टी ऐकली की पिवळा झेंडा हलवायचा: पुढे धोका आहे, वेग उतरवा. झेंडेवाल्यानं मात्र मागे वळून बघायचं नाही, मग मागे काहीही होवो. चांगले चांगले गडी तिथे चुकायचे. धडाम् झालं की मान आपोआप वळते, आणि तेवढ्यात पुढची गाडी झेंडा न बघताच निघून जाते.

झेंडे मी शिवायची. दोन वर्षं शिवल्यावर म्हटलं, आता धरणारही मीच. मुख्य मार्शलांना सगळे काका म्हणत. ते हसले. म्हणाले, बायका साधं भांडं पडलं तरी वळून बघतात.

दादानं ते मनाला लावून घेतलं. रोज संध्याकाळी मी खिडकीकडे तोंड करून ओट्याचं फडकं हलवत उभी राहायची आणि तो मागून कधी झाकण टाकायचा, कधी पातेलं. वहिनीनं एकदा विचारलं, नणंदबाई मार्शल होईपर्यंत आम्ही हातावर घेऊन जेवायचं का? महिनाभरात मी दचकायची थांबले. शेजारीण मात्र दारात येऊन विचारून गेली, की घरात सगळं ठीक आहे ना.

काकांनी शेवटी एका शर्यतीपुरतं मला उभं केलं. वळलीस तर परत शिलाई मशीन, असं बजावून.

अकराव्या फेरीला शिट्टी वाजली, ती अर्धीच. पाठोपाठ जो आवाज आला, तसा आवाज करणारं भांडं आमच्या घरात नव्हतं. माझ्या पाठीला टेकलेली दादाची पाठ नाहीशी झाली.

झेंडा माझ्या हातात हलायला लागला होता. मी हाक मारली, "दादा?"



मान वळवायला कितीसा वेळ लागतो. पण समोरून एक निळी गाडी भरधाव येत होती. वळणावर तुकडे पडलेले असणार. त्यांवरून ती घसरली, तर दादाच्याच अंगावर जाणार. मी जीव खाऊन झेंडा हलवला. गाडीचं नाक खाली दबलं, वेग उतरला. मग दुसरी आली, मग दोन एकदम. मी मोजत गेले. चौदा गाड्या माझ्यासमोरून शहाण्यासारख्या हळू गेल्या. डोळ्यांतलं पाणी गळ्यापर्यंत आलं होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

शर्यत थांबली. काका धावत आले आणि मला म्हणाले, "आता बघ."

मी वळले. वळणाच्या कडेला रचलेल्या टायरांवर गाडी आदळली होती, आणि त्यातला एक टायर उडून दादाच्या खांद्यावर बसला होता. तो जमिनीवर बसलेला, हात लुळा, चेहरा पांढराफटक. शिट्टी अजून दातांत होती. गाडीचा चालक पलीकडे गवतावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता.

"ही एकदाही वळली नाही?" काकांनी दादाला विचारलं.

दादानं शिट्टी काढली. "काका, आमच्या घरात पाडायला काही उरलेलंच नाही."

त्यानंतर सव्वीस वर्षं सातव्या वळणाचा पिवळा झेंडा माझ्याकडे होता.

आता माझ्या मागे काही पडलं तर नात हसते. आजीला ऐकू येत नाही, म्हणते. मी तिला हसू देते. मला सगळं ऐकू येतं.