खुणेपुढे केसभर

"डोळे मिटा. मास्तर, तुम्हीसुद्धा. किलकिले ठेवलेले मला इथून दिसतात."

"मिटलेत हो वहिनी. वय झालं, आता पापण्या पुरत नाहीत."

डॉक्टर हसले. आमचे हे हसले नाहीत. रविवारची दुपार झाली, खिडक्यांचे पडदे ओढले आणि तीन खुर्च्या स्पीकरसमोर लागल्या, की हे हसणं वगैरे बाजूला ठेवून देत.

मी खोलीच्या कोपऱ्यात, हिरव्या पडद्यामागे स्टुलावर बसले होते. पुढ्यातल्या टेबलावर दोन ॲम्प्लिफायर आणि मध्ये एक स्विच. तो इकडे केला की हा डबा स्पीकर वाजवणार, तिकडे केला की तो. कुठला वाजतोय हे पलीकडच्या तिघांना कळू नये म्हणून पडदा, आणि म्हणूनच मी. कुठल्या डब्याला 'एक' म्हणायचं आणि कुठल्याला 'दोन', हे मी मनात ठरवायचं आणि मनातच ठेवायचं. तेच गाणं आधी एकवर, मग दोनवर. संपलं की कुणी चकार शब्द काढायचा नाही. डोळे मिटलेले ठेवून बोटं वर करायची, जो आवडला त्याची. कारण डॉक्टर आधी बोलले की मास्तर त्यांचीच री ओढतात, आणि मास्तर आधी बोलले की डॉक्टर मुद्दाम उलटं बोलतात. तिघांचीही बोटं वर झाल्याशिवाय निकाल नाही, हा यांचा नियम.

कितीतरी वर्षं हे चाललं होतं. मास्तर भूगोल शिकवायचे, त्यांना गाण्यात दऱ्या आणि पठारं दिसत. डॉक्टर दातांचे, जन्म कोरायच्या मशीनच्या किरकिरीत गेलेला, त्यामुळे जरा कुठे आवाजाला धार आली की गालावर हात जायचा. कुणी नवा डबा घेतला, कुणी जुना दुरुस्त केला, की तो आमच्या टेबलावर यायचा. मला त्यातलं काडीचं कळत नव्हतं. पण मी नर्स होते. पडद्यामागे गप्प बसून लक्ष ठेवायची आणि इकडचं तिकडे न सांगायची मला सवय होती.

त्या रविवारची गोष्ट मात्र वेगळी होती. महिनाअखेर आम्ही मुलीकडे कायमचे राहायला जाणार होतो. यांचे गुडघे आता तीन जिने चढू देत नव्हते. मुलीनं आमच्यासाठी खोली रिकामी केली, भिंतीला कपाट लावलं, स्पीकरसाठी जागा ठेवली. "पण बाबा, डबा एकच हं," ती म्हणाली. "दोन नाही मावायचे."

एक डबा तिनंच दिलेला होता, बिस्किटांच्या डब्याएवढा, चकचकीत, गरमही न होणारा. दुसरा यांनी स्वतः बनवलेला.

मुलगी लहान असताना दोन हिवाळे आमचं जेवणाचं टेबल यांच्या ताब्यात होतं. आम्ही मायलेकी जमिनीवर बसून जेवायचो. पुस्तकात पाहून हे तारा जोडायचे, डाग द्यायचे, पुन्हा काढायचे. पहिल्यांदा चालू केला तेव्हा धूर निघाला, दुसऱ्यांदा घरातले दिवे गेले. तिसऱ्यांदा त्यातून एक बाई गायली आणि हे उभ्या उभ्या रडले. बढती मिळाली नाही तेव्हा नाही, वडील गेले तेव्हा नाही, त्या दिवशी रडले. नाकासमोर चालणाऱ्या माणसानं जन्मात बनवलेली ती एकच वस्तू.

मी म्हटलं होतं, "तुमचाच न्या ना. पोरीला काय वाटायचंय?"

"वाटण्याचा प्रश्न नाही," हे म्हणाले. "ऐकून ठरवू. जो हरेल तो मास्तरांना देऊ."

असा हा माणूस. अख्खी नोकरी वजनमापं खात्यात गेली. दुकानात जायचं, तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा. दुकानदार चहा मागवायचे, हे पीत नसत. बाकी कुठल्या गोष्टीचा गर्व नव्हता, पण तोलताना पारड्याला हळूच लावलेलं बोट यांना दाराबाहेरून दिसायचं.

तोच हिशेब यांनी गाण्यात आणला होता. आवाज किंचित मोठा असला, अगदी केसभर, तर तो मोठा आहे हे कळत नाही; नुसता गोड वाटतो, जवळचा वाटतो. हे त्याला कानाला दिलेली लाच म्हणत. म्हणून दर रविवारी सुरुवातीला हे एक लांबलचक गुणगुण वाजवत, तारांना मीटर लावून दोन्ही डबे अगदी सारखे करत, आणि आवाजाच्या बटणांवर त्या जागी माझ्या नेलपॉलिशचा ठिपका देत. ड्यूटीवर नखं रंगवायला बंदी होती, त्यामुळे माझी बाटली अशी सत्कारणी लागली.

"लावू?" मी विचारलं.

"लाव," हे म्हणाले.

मी गाणं सुरू केलं.

हे गाणं आम्ही कायम वापरायचो. एक बाई गाते, मागे फक्त एक व्हायोलिन. गाण्याआधी ती श्वास घेते, आणि तो श्वास आला की आमची खोली कुठेतरी निघून जायची. पडद्यातून येणारा उजेड हिरवा व्हायचा, तळ्याच्या तळाशी बसल्यासारखा. टेबल, स्टूल, माझे हात, सगळं हलकं व्हायचं. त्या बाईची एक खोली होती. ती मला दिसायची. उंच छत, उघडी खिडकी, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कुणाचा तरी कोट. ती कधीची कोण, आता आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण प्रत्येक डब्यातून ती खोली थोडी वेगळी दिसायची. काहींतून ती बाई खिडकीशी उभी असायची, काहींतून दाराशी. यांच्या डब्यातून ती बसलेली असायची, आणि दमलेली. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. मास्तरांच्या पठारांवर हसणारी मी, माझं कुठल्या तोंडानं सांगणार?

पहिला डबा मुलीचा वाजत होता. त्यातून ती बाई खिडकीशी होती आणि सकाळ होती. सगळं स्वच्छ. व्हायोलिनची तार न् तार सुटी. मी फटीतून पाहिलं. डॉक्टरांचा हात गालावर गेलेला नव्हता. हे मान एका बाजूला कलती करून ऐकत होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मी फटीतून नजर काढून घेतली. यांना आवडत होतं. हे कुठल्या डब्याचं आहे ते यांना माहीत नव्हतं, आणि यांना ते आवडत होतं.

गाणं संपलं. आता यांच्या डब्याची पाळी.

माझा हात बटणाकडे गेला. मी काही ठरवलं नव्हतं. आजाऱ्याची उशी सरळ करायला हात जातो तसा गेला. ठिपक्याच्या पुढे, केसभर.

त्या बाईनं श्वास घेतला, आणि तो अगदी माझ्या कानाशी घेतला. ती उठून उभी राहिली होती. दमलेली नव्हती. खोलीत संध्याकाळचा उजेड भरून आला, आणि मास्तर चक्क तोंड उघडं टाकून ऐकायला लागले. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, दुपार संपू नये, जिने चढता यावेत, पोरगी पुन्हा जमिनीवर बसून जेवावी. डोळे भरून आले माझे.

गाणं थांबलं. बोटं वर झाली. मास्तरांची दोन. डॉक्टरांची दोन. म्हणजे यांचाच डबा.

यांचा हात मांडीवरच होता.

मी वाट पाहिली. हे डोळे मिटून तसेच बसले. मग म्हणाले, "मला जरा पाणी हवंय."

"मी आणते."

"नको. तू बस. तांब्या तिथेच आहे ना?"

हे पडदा बाजूला करून आत आले. पाण्याकडे बघितलंही नाही. सरळ स्वतःच्या डब्यापाशी वाकले, चष्मा कपाळावर केला आणि बटण पाहिलं. ठिपका मागे राहिला होता. मला वाटलं आता हे चिडणार. चिडले तर बरं होईल, असंही वाटलं.

"इतकं बरं वाटलं," हे हळू आवाजात म्हणाले, "की संशय आला."

मी तांब्या पुढे केला.

"आजवर शेकडो बोटं पकडली मी. सगळी ज्याची त्याची, स्वतःसाठी ठेवलेली." यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्यासाठी कुणी ठेवलेलं पहिल्यांदाच बघतोय."

"राहू द्या ना तसंच," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "कुणाचं काय बिघडतंय? त्या दोघांना आवडलाय."

"आवडणारच."

बाहेरून डॉक्टर ओरडले, "अहो, पाणी पिताय की विहीर खणताय?"

यांनी एका बोटानं बटण मागे आणलं, बरोबर ठिपक्यावर. मग माझ्या हातावर हात ठेवला, क्षणभरच, आणि बाहेर गेले. "पुन्हा एकदा घेऊ," मी ऐकलं, "माझं लक्ष नव्हतं." पाणी प्यायचं राहूनच गेलं होतं.

नियमाप्रमाणे मी मनातले आकडे पुन्हा ठरवले. या वेळी यांचा डबा आधी लावला, तो एक.

ती बाई बसून गायली, दमलेली. मला अजूनही ती तशीच आवडत होती. मग मुलीचा डबा. पुन्हा ती खिडकी, पुन्हा सकाळ, आणि तारा सुट्या झालेलं व्हायोलिन. खोलीत आता पाण्याचा भास नव्हता. तीन म्हातारे खुर्च्यांवर डोळे मिटून बसले होते, आणि मी पडद्याच्या फटीतून त्यांच्या मांडीवरचे हात बघत होते.

डॉक्टरांची दोन बोटं वर झाली. मास्तरांनी आधी एक केलं, मग जरा थांबून दुसरंही वर केलं. यांनी सगळ्यांत शेवटी हात उचलला. दोन बोटं, सरळ.

"उघडा डोळे," मी म्हटलं.

तिघांनी एकमेकांची बोटं पाहिली. "एकमत!" मास्तर म्हणाले. "हे काहीतरी भलतंच झालं."

"हं," हे पडद्याकडे बघून म्हणाले. "दोन कुठला?"

कुठला होता ते फक्त मला माहीत होतं. मी 'तुमचा' म्हटलं असतं तर तो शब्द कुणी तपासला नसता. मास्तरांनी टाळ्या पिटल्या असत्या, डॉक्टरांनी पाठ थोपटली असती, आणि हे आपला डबा घेऊन मुलीकडे गेले असते, उरलेली वर्षं मनात गोड समजूत धरून. शब्द जिभेवर आला होता. इतक्यात ते बटण माझ्यासमोर दिसलं, यांनी आपल्या हातानं मागे आणलेलं. ज्यानं स्वतःविरुद्ध ते मागे आणलं, त्याला मी काय म्हणून फसवायचं?

"मुलीचा," मी म्हटलं. "दोन म्हणजे मुलीचा."

मग मास्तर म्हणाले, "पण मघाशी, पहिल्या फेरीत दोन कुठला होता..."

"पहिली धरायची नाही," हे म्हणाले. "माझं मत आलं नव्हतं." आणि हसले. खरंच हसले, त्या खुर्चीत बसून, रविवारी. "चांगला आहे की पोरीचा. बघा, एवढासा डबा. मी तर म्हणत होतो खेळणं आहे."

डॉक्टरांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. मला रडू येत होतं आणि यांचा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम झालं की माणूस पडदा घडी करत बसतो, तशी मी बसले.

मास्तर संकोचले होते. "मी पुढच्या आठवड्यात नेतो," ते म्हणाले. "घाई काय आहे?"

"आजच न्या. डॉक्टरांची गाडी आहे खाली."

मास्तर टेबलाशी आले आणि डब्याला हात घातला.

"थांबा," हे म्हणाले. "गरम आहे अजून. असा नाही न्यायचा."

यांनी डबा बंद केला. पुढचा लाल दिवा एकदम विझत नाही त्याचा. मंद होत जातो, आणि मग कधी गेला ते कळत नाही. तारा एकेक करून सोडवल्या, गुंडाळल्या. मग माझं स्टूल ओढून हे बसले आणि तळहात डब्याच्या पाठीवर ठेवला, जिथे तो सगळ्यांत गरम असतो.

मास्तर नि डॉक्टर गॅलरीत गेले. हळू आवाजात कुणाच्या तरी गुडघ्यांविषयी बोलत राहिले. मी खिडकीचे पडदे उघडले नाहीत. वॉर्डात असा हात ठेवून बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांना घाई करायची नसते. मी यांच्या बाजूला उभी राहिले. हे कधी डबा बघत, कधी नुसते समोर. एकदा बोटं किंचित सरकली, जरा पुढे, जिथे ऊब राहिली असेल तिकडे.

पुष्कळ वेळानं यांनी हात उचलला आणि तो दुसऱ्या हातानं चोळला.

"झाला गार," हे म्हणाले, आणि गॅलरीकडे हाक मारली. "मास्तर, या. खालून धरा. जड आहे."